खांब रस्त्यात कसा येतो?

‘चालकाचा ताबा सुटल्याने भरधाव मोटार विजेच्या खांबावर आदळली.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की ते कोणत्या गावचे आणि कोणत्या सालचे, हे विचारण्याची गरजही वाटत नाही. वाक्यात दोषी दोघेच, चालक आणि वेग. खांब मात्र डोंगर किंवा ओढा असावा तसा तिथे आधीपासूनच आहे. तो कोणी, कधी आणि कोणत्या मापाने उभा केला, हा प्रश्न त्या वाक्याला पडत नाही.

त्या प्रश्नापायी गेली काही वर्षे मी छत्रपती संभाजीनगरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेने मोजपट्टी घेऊन फिरतो. मी अभियंता नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची. रस्त्यांची आणि विजेची मानके पुढे स्वतःच वाचून, जाणकारांना विचारून समजून घेतली. हिशेबाच्या माणसाला एक सवय असते. बेरीज जुळली नाही की कोणता रकाना कोरा राहिला आहे, ते तो शोधतो. अपघातांच्या हिशेबात कोरा राहिलेला रकाना मला खांबाचा वाटतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातली. मृतांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले आहेत. स्थिर वस्तूला धडक असाही एक वर्ग अहवालात आहे, पण तो धडकेचा प्रकार म्हणून. ती स्थिर वस्तू रस्त्यापासून किती अंतरावर होती, हे त्या तक्त्यांतून कळत नाही. वेग दोषी आहेच. पण एकाच वेगाने रस्ता सोडलेल्या दोन गाड्यांपैकी एक शेतात जाऊन थांबते आणि दुसरी खांबाभोवती गुंडाळली जाते. या दोन शेवटांमधला फरक वेगाने पडत नाही, कडेने पडतो.

सावरायला जागा

माणूस गाडी चालवताना चुकतो. डुलकी लागते, टायर फुटते, विरुद्ध बाजूने दुचाकी येते, पाऊस पडून गेल्यावर चाक घसरते. चूक शून्यावर आणता येणार नाही, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न उरतो. चुकलेल्याला सावरायला जागा किती मिळते?

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मिलफर्ड येथील चाचणी मैदानावर झाला. तिथले अभियंते केनेथ स्टोनेक्स यांनी १९६०च्या सुमारास आपले निष्कर्ष मांडले. मैदानावरचे चालक कसलेले होते, रस्ते नियंत्रित होते, तरी गाड्या अधूनमधून रस्ता सोडत. कड सपाट आणि मोकळी असेल तर अशा गाड्यांपैकी सुमारे ८० टक्के गाड्या ३० फुटांच्या, म्हणजे साधारण ९ मीटरच्या, आत सावरतात असे दिसून आले. मग मैदानातल्या रस्त्यांच्या कडेची झाडे आणि अडथळे काढले गेले, उतार सौम्य केले गेले. यातूनच ‘क्लिअर झोन’ ही कल्पना महामार्ग बांधणीत रुजली. आपण तिला मोकळा पट्टा म्हणू. हा पट्टा सगळीकडे नऊच मीटरचा हवा असे नाही. वेग, वाहनांची संख्या, कडेचा उतार आणि वळण यांवर त्याची रुंदी ठरते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तो जास्त लागतो, कारण सुटलेली गाडी तिकडेच जाते.

खांब एवढा घातक का, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाने समजते. ताशी ५० किलोमीटर वेगातल्या गाडीची ऊर्जा ती सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या छतावरून, खाली पडल्यावर असते तेवढी असते. ताशी ८० ला ही उंची २५ मीटर होते, ताशी १०० ला ३९ मीटर. गाडी भिंतीवर आदळली तर हा मारा तिच्या सगळ्या रुंदीवर वाटला जातो. खांबावर आदळली तर तो वीतभर जागेत एकवटतो आणि पत्रा इंजिनासकट आत घुसतो. गाडी आडवी घसरत गेली असेल तर खांब थेट दारावर येतो, तिथे चालकाच्या आणि खांबाच्या मध्ये फक्त दार असते. दुचाकीस्वाराला तर तेही नसते.

आपलीच मापे

हे सगळे परदेशी शहाणपण झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. भारतात रस्त्यांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ साली स्थापन झाली, ती ज्या समितीच्या शिफारशीवरून, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. स्वातंत्र्याआधी देशभरातले मुख्य अभियंते १९४३ साली रस्त्यांचा आराखडा आखायला जमले तेही नागपुरात. रस्ता कसा असावा, या विचाराशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे.

याच संस्थेने १९६९ साली आयआरसी ३२ हे मानक काढले. विषय नेमका आपलाच, रस्त्यालगतच्या वीजतारा आणि दूरध्वनीच्या तारांपासून सोडायची उभी-आडवी अंतरे. त्यातली काही मापे अशी. पदपथाची उंच कड नसलेल्या रस्त्यावर दिव्याचा खांब डांबराच्या कडेपासून किमान दीड मीटर आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून किमान पाच मीटर हवा. उंच कड असेल तर कडेपासून किमान ३० सेंटिमीटर, शक्यतो ६० सेंटिमीटर. तारा वाहून नेणारे खांब मात्र कडेच्या झाडांच्या रांगेपासून किमान १० मीटर दूर असावेत.

या शेवटच्या मापात जुना रस्ता दिसतो. मधे डांबर, दोन्हीकडे मातीची बाजूपट्टी, मग वडाची रांग आणि त्याही पलीकडे तारा. तारेखाली फांद्या छाटाव्या लागू नयेत आणि फांदी तारेवर पडू नये, हा हेतू होता. पण त्यामुळे खांब आपोआप वाहनांपासूनही लांब राहत होता.

कडेपासून ३० सेंटिमीटर हे शहरी माप मात्र नीट समजून घेतले पाहिजे. बसचा आरसा किंवा ट्रकची फळी खांबाला घासू नये, एवढ्यापुरते ते आहे. सुटलेली गाडी अडवण्याची ताकद वीतभर उंचीच्या दगडी कडेत नसते. जिथे कडेलगतच खांब उभे करावे लागतात, तिथे संरक्षण एकच, गाड्यांचा वेग कमी ठेवणे. जालना रोडसारख्या शहराच्या कण्यावर एकीकडे उड्डाणपूल बांधून वेग वाढवायचा आणि खाली खांब शहरी मापाने उभे ठेवायचे, यातली विसंगती इथे दिसते.

रस्ता सरकतो, खांब राहतो

मग खांब डांबराला चिकटून, काही ठिकाणी डांबराच्या आतच उभे कसे दिसतात? प्रत्येक वेळी कोणी नियम मोडून खांब रोवला असेल असे नाही. बहुतेकदा खांब जागेवरच असतो. चालत येतो तो रस्ता.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले. पुढच्या दशकांत गावोगाव वीज नेताना तारा रस्त्याच्या कडेने गेल्या, त्यालाही व्यावहारिक कारणे होती. रस्त्याची जमीन सरकारी, तिथे शेतकऱ्याची संमती आणि पिकाची भरपाई हे प्रश्न नाहीत. खांब बैलगाडीने किंवा ट्रकने थेट जागेवर उतरवता येतो. रात्री बिघाड झाला तर वायरमन सायकलवर पोहोचतो. एकेरी डांबराच्या, दिवसाला मोजक्या गाड्या जाणाऱ्या रस्त्यासाठी ती जागा ठीकच होती.

पुढे रस्ता दुपदरी झाला, मग चौपदरी. शहरातून निघून हर्सूल, फुलंब्री, सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता पाहा. रुंदीकरणात जुने वड गेले. त्यांच्या छायेबद्दल आपण हळहळलो, ते योग्यच होते. पण वडाबरोबर आणखी एक गोष्ट गेली. खांबाचे अंतर जिच्यापासून मोजायचे, ती झाडांची रांगच राहिली नाही. झाडाच्या जागी डांबर किंवा काँक्रीट आले आणि झाडापलीकडचा खांब रस्त्याचा शेजारी झाला. झाडाचा बुंधाही सुटलेल्या गाडीला खांबाइतकाच कठीण असतो, हे खरेच. फरक एवढाच की झाड तोडायला कोणी ना कोणी परवानगी मागतो. खांब शेजारी आला तेव्हा कोणी काही ठरवलेलेच नसते.

बीड बायपासची गोष्ट वेगळ्या वाटेने इथेच येते. तो शहराबाहेरून जड वाहने काढून देण्यासाठी होता. सातारा-देवळाईच्या वस्त्या वाढल्या आणि बाह्यवळण शहराच्या पोटात आले. वस्तीला जोडण्या हव्यात म्हणून तारा, रोहित्रे, दिवे आणि दूरध्वनीच्या केबल त्या रस्त्यालगत दाटल्या. खाली ट्रक मात्र महामार्गाच्याच सवयीने धावत राहिले. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेने जालना रोड, बीड बायपास आणि पैठण रोडवरील बांधकामे हटवून रस्ते मूळ रुंदीला नेण्याची मोहीम घेतली. अशा वेळी इमारती मागे सरकतात आणि एवढे दिवस दुकानाच्या पायरीशी असलेला खांब मोकळ्या मैदानात एकटा उभा राहतो. तो हलेपर्यंतचे महिने सर्वांत धोक्याचे असतात. रस्ता रुंद झाल्याने वेग वाढलेला असतो आणि अंधारात राखाडी सिमेंटचा खांब दिसत नाही.

शहरातल्या विजेचा कारभारही हातोहात फिरला. मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महावितरण आले, २०११ ते २०१४ या काळात शहराचे वितरण जीटीएल या खासगी कंपनीकडे होते, नंतर ते पुन्हा महावितरणकडे आले. रस्त्यांचेही तसेच. काही महापालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे. खांब आणि रस्ता यांचा मालक सहसा एक नसतो. त्यांच्यामधल्या अंतराला तर मालकच नसतो.

डोक्यावरची तार

आतापर्यंत आडव्या अंतराचे झाले, उभ्या अंतराचे दुखणे निराळे. इथे दोन खात्यांची दोन पुस्तके आहेत. विजेच्या सुरक्षा नियमांनुसार रस्ता ओलांडणारी ६५० व्होल्टपर्यंतची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, त्यावरची ३३ केव्हीपर्यंतची तार ६.१ मीटर उंच हवी. रस्त्याचे १९६९ चे मानक ६५० व्होल्टपर्यंत ६ मीटर आणि त्यावर ६.५ मीटर सांगते. म्हणजे ५.९ मीटरवरची लघुदाब तार वीज खात्याच्या पुस्तकात पास आणि रस्त्याच्या पुस्तकात नापास. फरक वीतभराचा असेल, पण पंचनाम्याच्या वेळी प्रत्येकाला आपले पुस्तक दाखवता येते.

शिवाय ही उंची कायम राहत नाही. आठ मीटरचा सिमेंटचा खांब घेऊ. त्याचा सुमारे दीड मीटर भाग जमिनीत जातो, वर साडेसहा मीटर उरतात. तार टोकापासून थोडी खाली बांधलेली असते आणि दोन खांबांमधल्या गाळ्यात तिला झोळ पडतो. नियमाच्या उंचीपेक्षा जास्तीचे हातात राहतात ते जेमतेम काही सेंटिमीटर. म्हणूनच रस्ता ओलांडताना अधिक उंच खांब वापरावे लागतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हाने आणि कृषिपंपांच्या भाराने तार तापते, लांबते आणि झोळ वाढतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता रोवलेला, पायाशी मुरूम किंवा काँक्रीट न भरलेला खांब दोन-चार हंगामांत कलतो आणि तार आणखी खाली येते. त्यात रस्त्यावर दर दुरुस्तीला नवा थर पडतो. तार खाली उतरते, रस्ता वर चढतो.

मधून जाणाऱ्या मालमोटारीची कायदेशीर उंची साधारण चार मीटर. पण गंगापूर-पैठणकडचा ऊस, सरकीसह भरलेला कापूस, कडब्याची रास कायद्याची पट्टी लावून भरली जात नाही. वीज अंगावर यायला तारेला हात लागायलाच हवा असेही नाही. उच्चदाब तारेच्या फार जवळ गेले तरी ठिणगी उडी मारू शकते. मार्च २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात लग्नाच्या वऱ्हाडाची बस उच्चदाब तारेला लागून पेटली आणि आतली माणसे मरण पावली.

म्हणून इथे एक गोष्ट सांगणे गरजेचे वाटते. वाहनावर तार पडली किंवा वाहन तारेला लागले तर आतच बसून राहावे. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी खाली उतरू नये, बाहेरच्यांनी जवळ येऊ नये. आग लागून उतरणे भागच पडले तर वाहन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होऊ देता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पावले न उचलता पाय घासत दूर जावे. पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीतही वीज असते आणि दोन पावलांमधल्या अंतरातून ती शरीरात शिरते. रस्ता ओलांडणाऱ्या तारांखाली गार्डिंग असावे लागते, तेही याचसाठी. तार तुटली तर ती जमिनीला जोडलेल्या या तारांवर पडते आणि पुरवठा तुटतो. आपल्या रोजच्या वाटेवर वर पाहिले तर हे गार्डिंग आहे की नाही ते कोणालाही दिसते.

उपायांचा क्रम

जगभरच्या महामार्ग अभियंत्यांनी कडेच्या अडथळ्यांसाठी उपायांचा एक क्रम ठरवला आहे. पहिला उपाय अडथळा काढून टाकणे, म्हणजे तारा जमिनीखाली नेणे किंवा दोन रांगांची एक रांग करणे. दुसरा, तो दूर सरकवणे. तिसरा, धडकेने सुटून पडणारा किंवा वाकून धक्का शोषणारा खांब बसवणे. हे दिव्यांच्या खांबांना चांगले जमते. जिवंत तारा पेलणाऱ्या खांबाचे मात्र तसे नाही, तो पडला तर तारा घेऊन पडतो. गर्दीच्या रस्त्यावर पडणारा खांब पादचाऱ्यालाही लागतो. चौथा उपाय लोखंडी कठड्याची आड. कठडाही एक अडथळाच असल्याने तो जिथे आतली वस्तू त्याहून घातक असेल तिथेच बसवायचा. दुचाकीस्वाराला तर कठड्याचे खुंटही जीवघेणे ठरतात. आणि काहीच शक्य नसेल तर शेवटचा उपाय, खांब दिसेल असे करणे. पिवळे-काळे पट्टे, प्रकाश परावर्तित करणारी पट्टी.

आपल्याकडे क्रम उलटा चालतो. सुरुवात रंगाच्या डब्याने होते आणि बहुधा तिथेच संपते. रंग निरुपयोगी नाही, खांब हलेपर्यंत तो लावलाच पाहिजे. पण रंगवलेला खांब हा सोडवलेला प्रश्न समजला गेला की खरा प्रश्न यादीतून पुसला जातो.

भूमिगत तारांचा आग्रह शहरात रास्त आहे, खेड्यातल्या प्रत्येक मैलावर तो परवडणारा नाही. शहराभोवतीच्या बसाल्टच्या खडकात चर खणणे महाग, आणि रस्ता खोदणाऱ्या पुढच्या खात्याच्या कुदळीपासून केबल वाचवणेही अवघड. म्हणून बहुतेक ठिकाणी खरा उपाय दुसऱ्या क्रमांकाचा आहे, सरकवणे. तो वळणाच्या बाहेरच्या अंगापासून, चौकांपासून आणि रस्ता अचानक अरुंद होतो त्या पुलांच्या तोंडापासून सुरू करावा. सगळे खांब एकदम हलणार नाहीत, पण कोणते आधी हलवायचे हे ठरवता येते.

जबाबदारी कोणाची

कायदा या बाबतीत वाटतो तितका मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे. पण चालकाखेरीज आणखी कोणी दोषी असू शकतो, हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे म्हटले. तारेच्या बाबतीत न्यायालये त्याहून पुढे गेली आहेत. मध्य प्रदेशात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एका सायकलस्वाराचा बळी घेतला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली वीज मंडळाला भरपाई द्यायला लावली. तिऱ्हाइताने वीजचोरीसाठी तार ओढली होती, हा बचाव चालला नाही. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याने तिची जबाबदारीही बाळगली पाहिजे, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात खांब हलवण्याचा प्रवास असा असतो. रस्त्याचे खाते पत्र लिहिते, वीज खाते अंदाजपत्रक करते, पैसे भरायचे असतात, मग ठेकेदार, मग पुरवठा बंद ठेवण्याची परवानगी. तोवर डांबराचे यंत्र येऊन ठेपते आणि खांबाला वळसा घालून पुढे जाते. पुढे काम पूर्ण झाल्याचा दाखला निघतो. या साखळीत कोणाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपापले काम केलेले असते. फक्त शेवटी पट्टी लावून अंतर मोजण्याचे काम कोणाच्याच नावावर नसते.

म्हणून माझी मागणी हिशेबनिसाची आहे. रुंदीकरणाच्या प्रत्येक कामाच्या अखेरच्या देयकाबरोबर एक तक्ता जोडला जावा. किलोमीटरनिहाय प्रत्येक खांब, डांबराच्या नव्या कडेपासून त्याचे अंतर, प्रत्येक ओलांडणाऱ्या तारेची नव्या पृष्ठभागापासूनची उंची, आणि मापात न बसणाऱ्यापुढे हलवण्याची तारीख. दोन्ही खात्यांच्या सह्या त्याच कागदावर असाव्यात. त्याला नवा कायदा लागत नाही, नवे तंत्रज्ञान लागत नाही. एक माणूस, एक मोजपट्टी आणि काही दिवस पुरतात.

आणि पोलिसांच्या अपघात नोंदीत, जिथे अतिवेग लिहिला जातो त्याच्या शेजारी, आणखी एक रकाना असावा: धडक बसलेली वस्तू रस्त्याच्या कडेपासून किती मीटरवर होती. तिथे पाच वर्षे नुसते आकडे भरले गेले तरी बेरीज बोलू लागेल.